सकाळचा मेंदू, दुपारचा मेंदू

६ जानेवारी

चि. मास्तर,

आशीर्वाद घे आणि खुर्ची ओढून नीट बस, पत्र लांबणार आहे.

तुझ्या बाबांनी, म्हणजे माझ्या दादाने, वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलंय. 'एकटे राहणाऱ्यांचा मेंदू आकसतो : तरुण संशोधकाचा निष्कर्ष.' खाली तुझा फोटो, हनुवटीखाली हात. लहानपणी उशा ओळीने बसवून त्यांना शिकवायचास म्हणून घरात तुला मास्तर नाव पडलं. आता उशांच्या जागी आम्ही आहोत. आत्या म्हणून ऊर भरून आला. मग बातमी वाचली.

दादाने 'एकटे' या शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्यात. एक त्याची असणार, दुसरी वहिनीची. कात्रणामागोमाग फोन. तुमच्याकडची वरची खोली म्हणे माझ्यासाठी रंगवून झाली. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे, आणि पलंगाशेजारी घंटा, मला काही लागलं तर वाजवायला. मी चोपन्न वर्षांची आहे रे. रोज आठ-दहा पेशंट चाकाच्या खुर्चीतून उचलून स्कॅनच्या फळीवर निजवते. मी घंटा वाजवली तर वर धावत येणार कोण? दादा? त्या गुडघ्यांवर?

ते असो. एक विचारायचं होतं. तुझ्या शहाऐंशी माणसांच्या मेंदूचे एमआरआय आमच्याच विभागात झाले, बहुतेक माझ्याच हातून. तुझ्या तक्त्यात स्कॅनची वेळ लिहिली आहे का? सकाळ की दुपार, एवढंच हवंय.

फोनवर सांगू नकोस. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस. शिवाय मी दिवसभर ज्या मशीनशेजारी असते तिथे फोन नेला तर चुंबक तो हातातून ओढून घेतं. पत्राला तसलं भय नाही.

तुझी आत्या

१४ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून हसलो आणि थोडं वाईटही वाटलं, कारण तुझ्या विनोदामागची काळजी मला कळते. एकटं राहणारं माणूस अशी बातमी वाचून घाबरणारच. तर आधी तुला नीट समजावतो.

आमच्याकडे त्रेचाळीस माणसं कुटुंबात राहणारी आणि त्रेचाळीस एकटी. वय सारखं, शिक्षण सारखं. मेंदूवर एक पातळ साल असते. आमचा प्रोग्राम तिची जाडी मोजतो आणि त्यावरून मेंदूचं वय सांगतो. एकट्यांचा मेंदू सरासरी सात वर्षांनी म्हातारा निघाला. सात! माझे गाइड, म्हणजे सर, म्हणाले की इतका स्वच्छ निकाल त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. मार्चच्या कॉन्फरन्सला मी तो मांडणार आहे, आणि त्यानंतर सरांच्या विभागात माझी नेमणूक जवळजवळ नक्की आहे.

वेळेचा प्रश्न तुला का पडला ते मात्र कळलं नाही. मेंदू काही सकाळी फुगून दुपारी बसत नाही. मशीन एकच, विभाग एकच. माझ्या शोधनिबंधात, म्हणजे पेपरात, तसं वाक्यच आहे : 'सर्व स्कॅन एकाच पद्धतीने घेण्यात आले.'

तू शब्दकोडी सोडवत जा. चार लोकांत मिसळ. आणि बाबा तुझ्या भल्यासाठीच सांगतात. वरची खोली मी पाहिली आहे, हवेशीर आहे.

तुझा भाचा

२२ जानेवारी

चि. मास्तर,

'घेण्यात आले.' कोणी घेतले रे? आपोआप पडले का झाडावरून? मी घेतले. आणि तुझं ते वाक्य लिहिण्याआधी मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

ऐक आता. सकाळी आठ ते एक आमच्याकडे निवांत असतं. तेव्हा मी सावकाश सेटिंग लावते. सात मिनिटं, मेंदूचे एक-एक मिलिमीटरचे काप. दुपारी दोननंतर अपघात विभागाची रांग लागते, बाहेर बाकावर माणसं कण्हत असतात. तेव्हा घाईचं सेटिंग. साडेतीन मिनिटं, दीड मिलिमीटरचे काप. गाठ आहे का, रक्त साकळलंय का, हे डॉक्टरांना त्यात चांगलं दिसतं. पण तुझी साल मुळात अडीच-तीन मिलिमीटरची. जाड कापात तिची कड पुसट होते, आणि पुसट कड तुझा प्रोग्राम कुठे धरतो ते देव जाणे. अक्षर फुटलेलं असलं की आपण अंदाजाने वाचतो, तसंच काहीतरी करत असेल. दोन्ही सेटिंगच्या बटणांखाली मी चिकटपट्टी लावून 'सकाळ' आणि 'दुपार' असं लिहून ठेवलंय. चौदा वर्षं झाली.

आता सकाळी कोण येतं? ज्यांना मुलगा किंवा सून ऑफिसला जाता जाता दारात सोडते ते. आणि दुपारी? ज्यांना सोडायला कोणी नाही ते. त्यांना हॉस्पिटलची गाडी घरोघरून गोळा करते. ती गाडी सकाळभर डायलिसिसच्या पेशंटांमागे फिरत असते, म्हणून तुझे एकटे लोक आमच्याकडे पोचतात अडीच वाजता. डोक्यात शिरतंय का काही?

काल एक बाई दुसऱ्या एका तपासणीला आल्या होत्या. निवृत्त टाइपिंग शिक्षिका, तुझ्या एकट्यांपैकी. पर्समध्ये तुझं कात्रण, चार घड्या घातलेलं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मला हळूच म्हणाल्या, "माझा आकसलाय तो परत भरतो का हो?" अजून रोज सकाळी एक पान टाइप करतात, एकही चूक नसते. आता म्हणतात, चूक होत नसेल असं नाही, मलाच दिसत नसेल. मी काय सांगायचं त्यांना? शब्दकोडी सोडवा?

तुझी आत्या

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या अनुभवाचा मला पूर्ण आदर आहे. पण संशोधन आणि रोजचं काम यात फरक असतो. हा प्रोग्राम मोठमोठ्या संस्था वापरतात. लहानसहान फरक तो आपोआप सांभाळून घेतो. सहज म्हणून सरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बटणं दाबणाऱ्यांनी बटणं दाबावीत." त्यांचा स्वभाव तसा आहे, तू मनावर घेऊ नकोस.

त्या बाईंना सांग की निष्कर्ष सरासरीचा आहे, एकेका माणसाचा नाही. अर्थात सरासरी एकेका माणसाचीच बनते, पण ते त्यांना सांगू नकोस.

आणि तुला इतकीच शंका असेल तर एक कर. कुठल्याही दोन व्यक्तींचे स्कॅन मला पाठव. नाव, पत्ता, काही नको. त्यांतलं एकटं कोण राहतं ते मी इथे खुर्चीत बसून सांगतो. मग तरी तुझी खात्री पटेल.

तुझा भाचा

९ फेब्रुवारी

चि. मास्तर,

सोबत सीडी आहे. दोन स्कॅन, क आणि ख. दोन्ही बायकांचे, दोन्हींवर वय चोपन्न. लेखी परवानगी माझ्या कपाटात आहे. सांग बघू.

बटणं दाबणारी आत्या

१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सीडी मिळाली. नियमाप्रमाणे चेहऱ्याचा भाग आमच्याकडे आधीच पुसला जातो, त्यामुळे कोण आहेत हे मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. नुसत्या आकड्यांवरून सांगतो.

क : मेंदूचं वय त्रेपन्न. अगदी सुदृढ. माझ्या अंदाजाने भरल्या घरात राहणाऱ्या बाई, मुलं-नातवंडं, दिवसभर कोणी ना कोणी बोलणारं.

ख : मेंदूचं वय बासष्ट. ह्या एकट्या राहतात यात मला शंका वाटत नाही, आणि बरीच वर्षं राहत असाव्यात. कपाळामागच्या भागात साल स्पष्टपणे पातळ आहे. असे लोक बहुधा हेकट होत जातात आणि दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांना जड जातं. आत्या, तू त्यांच्याशी हळुवार बोल. घरचं कोणी असेल तर त्यांनी वेळेत लक्ष घालायला हवं.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, कॉन्फरन्समध्ये उदाहरण म्हणून ह्या दोघींनाच घ्यावं. परवानगी मिळेल का?

तुझा भाचा

२२ फेब्रुवारी

चि. मास्तर,

क मी आहे. आणि ख पण मीच आहे.

सात तारखेला, माझ्या सुट्टीच्या दिवशी, माझ्या सोबतच्या टेक्निशियन बाईने मला फळीवर निजवलं. अकरा वाजता 'सकाळ'चं बटण, अकरा वीसला 'दुपार'चं. मध्ये मी उठले, एक ग्लास पाणी प्यायले आणि परत आडवी झाले. तेवढ्यात माझी नऊ वर्षं गेली. त्या वीस मिनिटांत मला कोणी सोडून गेलं नाही, माझी नातवंडं कुठे पळाली नाहीत. मुळात ती नव्हतीच. पाणी चांगलं गार होतं, एवढीच काय ती घडामोड.

चेहरा पुसलास ते बरं झालं. नाहीतर आपल्या घराण्याचं नाक तुझ्या संशोधनाला आडवं आलं असतं.

हेकट म्हणालास ते मात्र बरोबर आहे. पण ते सावकाश सेटिंगवरसुद्धा दिसायला हवं होतं.

आता चेष्टा पुरे. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती ती सांगते. कात्रण आलं त्यानंतर आठ दिवस मी घाबरले होते. एकदा चष्मा सापडेना तर पलंगावर बसून राहिले. चष्मा डोक्यावर होता. तो आजचा नाही, वीस वर्षांपूर्वीही तिथेच असायचा, पण तेव्हा मी हसायचे. आता वहीत लिहून ठेवायला लागले, आज काय विसरले. शेजारीण दोन दिवस बोलली नाही तर वाटायचं, झालं, आज साल अजून थोडी गेली. ह्या दोन खोल्यांत मी बावीस वर्षं मजेत राहिले रे. एकटी आहे हे मला माहीत होतं, पण तो आजार आहे हे तुझ्या पेपरामुळे कळलं.

आणि त्या आठ दिवसांत दादाचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी त्याला 'हो' म्हणून बसले. पंधरा मार्चला टेम्पो येणार आहे. घरमालकांना सांगून झालंय. तुला पहिलं पत्र लिहिलं ते 'हो' म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी, तोंडावर हसू ओढून. दादाच्या घरी मला जायचं नाही. तो वाईट नाही, पण मला माझ्या ह्या दोन खोल्यांतच म्हातारं व्हायचंय, माझ्या वेगाने.

तेव्हा कॉन्फरन्सला माझे दोन्ही मेंदू जरूर ने. परवानगी आहे. फक्त दोघींची ओळख खरी करून दे.

तुझी आत्या

९ मार्च

आत्या,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही. रोज लिहायला बसायचो आणि पेपराचं ते एक वाक्य समोर यायचं.

तुला सगळं सांगून टाकतो. आमच्या मूळ तक्त्यात 'सेटिंग' नावाचा एक रकाना होता. प्रत्येक स्कॅनच्या फायलीत मशीन स्वतःच ते नोंदवतं. तो रकाना मी काढून टाकला होता. का? सरांना सगळा तक्ता एका कागदावर छापून लागतो, आणि तो रुंदीत मावत नव्हता. मग कमी महत्त्वाचं काय ते शोधलं. माणसाचा रक्तगट ठेवला, सेटिंग काढलं. रक्तगटाचा आमच्या कामाशी काहीही संबंध नाही, पण तो रकाना अरुंद होता.

तुझं 'सकाळ-दुपार'चं पत्र आलं त्याच दिवशी मला तो रकाना आठवला होता. आठवला म्हणूनच मी तसं चिडून लिहिलं. हे तुला सांगताना मान खाली जाते आहे.

गेल्या आठवड्यात जुनी फाइल उघडून रकाना परत लावला. एकट्यांपैकी सहा जण कसेबसे सकाळी आले होते. त्यांचे मेंदू कुटुंबवाल्यांइतकेच तरुण. कुटुंबातले पाच जण दुपारी आले होते, मुलांना सकाळी जमलं नाही म्हणून. त्यांचे मेंदू म्हातारे. मी तीन महिने ज्याला एकटेपणा म्हणत होतो ते गाडीचं वेळापत्रक होतं.

सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "कॉन्फरन्स होऊ दे, मग बघू." मी म्हटलं, आधी बघू. ते म्हणाले, "तुझ्या आत्याने बघितलंय तेवढं पुरे." पेपरावर पहिलं नाव माझं होतं, म्हणून मीच तो मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. नेमणूक दुसऱ्या मुलीला मिळाली. ती मेंदूवर संगीताचा परिणाम बघते. तिला जाता जाता एवढंच विचारलं, गाणारे लोक कधी येतात, सकाळी की दुपारी? तिचा चेहरा पडला.

वर्तमानपत्रालाही कळवलं. त्यांचा प्रश्न आला : आकसत नाही यात बातमी काय?

वसतिगृहाची खोली महिनाअखेर सोडायची आहे. बाबांना अजून काही सांगितलं नाही. मी काय करू?

तुझा मास्तर

१२ मार्च

चि. मास्तर,

ह्या वेळी 'मास्तर' म्हणून सही केलीस, बरं वाटलं. 'तुझा भाचा' वाचलं की मला सरकारी कचेरीतून पत्र आल्यासारखं वाटायचं.

काय करायचं ते सांगते. त्रेचाळीस पाकिटं घे. तुझ्या एकट्यांपैकी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र लिही. तुझ्याकडे नावं नसतात, नंबर असतात, तर पाकिटांवर नंबर घाल आणि गठ्ठा मला पाठव. नंबरावरून नाव काढायची वही आमच्या विभागप्रमुखांच्या कुलपात आहे. मी त्यांना विचारलंय, पाकिटं वाटायला ते हो म्हणाले. पत्रात 'घेण्यात आले', 'आढळून आले' असलं काही नको. कोणी चुकलं ते लिही.

आणि दादाला आजच्या आज फोन कर. मी केलाय, टेम्पो नको म्हणून. तो रागावला. म्हणाला, विज्ञान खोटं आणि तू खरी? मी म्हटलं, ते तुझ्या मुलालाच विचार. घरमालकांना भेटले. त्यांनी अजून 'भाड्याने देणे'ची पाटी लावली नव्हती. म्हणाले, "तुम्ही जाल असं आम्हाला वाटलंच नव्हतं." त्यांचा मेंदू तपासायला हवा, फार तरुण असणार.

तुझी आत्या

२४ मार्च

सन्माननीय सहभागी क्रमांक ३८ यांस,

आपण आमच्या संशोधनासाठी एका दुपारी वेळ काढून आलात. त्यावरून मी असं जाहीर केलं की एकटे राहिल्याने आपला मेंदू आकसला आहे. ते चूक होतं. आपला स्कॅन घाईच्या सेटिंगवर घेतला गेला होता आणि कुटुंबात राहणाऱ्या बहुतेकांचे सावकाश सेटिंगवर. ही नोंद माझ्यासमोर होती. कागदावर मावत नाही म्हणून मी ती काढली. टेक्निशियननी विचारलं तेव्हाही मी पाहायचं टाळलं. चूक मशीनची नाही आणि त्यांची तर नाहीच. माझी आहे.

आपला मेंदू कसा आहे हे मला माहीत नाही. तो एकटेपणाने म्हातारा झाला आहे, असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही आणि तेव्हाही नव्हता. ह्या बातमीमुळे आपण एखादा दिवस जरी भीतीत काढला असेल, तर मी आपली माफी मागतो. आपल्या घरातल्या कोणी ती दाखवून आपल्याला कुठे हलवायचं ठरवलं असेल, तर हे पत्र त्यांना दाखवावं.

आपला,
संशोधक

३ एप्रिल

चि. मास्तर,

पाकिटं पोचली, वाटूनही झाली. काही गाडीतच दिली, काही घरी जाऊन. चौघांनी माझ्यासमोर फोडली नाहीत. एक गृहस्थ म्हणाले की त्यांनी मूळ बातमी वाचलीच नव्हती, आणि आता तुझं पत्र वाचून काळजी वाटायला लागली. त्यांच्याजवळ अर्धा तास बसावं लागलं.

टाइपिंगच्या बाईंनी पत्र उभ्यानेच वाचलं, मग बाकावर बसून पुन्हा वाचलं. तुझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. मग कात्रण पर्समधून काढून माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकलं आणि म्हणाल्या, "चला, उद्यापासून चूक झाली तरी चालेल."

शेवटी गठ्ठ्यात एकच पाकीट उरलं. अडतीस. वही बघायची गरज नव्हती. गेल्या वर्षी तुझे एकटे भरेनात, तू फोनवर रडकुंडीला आला होतास, तेव्हा एका दुपारी मीच फळीवर आडवी झाले होते. मी माझं पाकीट जिन्यात फोडलं. इतकं सरळ तू मला आजवर कधी लिहिलं नव्हतंस, आणि लिहिलंस तेव्हा कोणाला लिहितोय हे तुला माहीत नव्हतं. मी रडले. पुसून टाकून वर गेले, तर चष्मा सापडेना. डोक्यावर होता. हसू आलं, फार दिवसांनी.

दादाचं पत्र आलंय. लिहितो, खोली वाया गेली नाही, मास्तर राहायला आलाय, पण दिवसभर दार लावून बसतो, जेवायला हाका माराव्या लागतात. म्हणजे दांडी, घंटा, हवेशीर खिडकी, सगळं तुझ्या वाट्याला आलं. भरल्या घरात आहेस, तेव्हा तुझ्या मेंदूची मला आता काळजी नाही.

फक्त एक प्रयोग कर. ती घंटा रोज एकदा वाजव, आणि वर कोणी येतं का बघ. महिनाभर नोंद ठेव आणि तक्ता मला पाठव. कितीही रुंद झाला तरी चालेल, कागद मी चिकटवून घेईन. वेळेचा रकाना तेवढा काढू नकोस.

तुझी आत्या
(सहभागी क्रमांक ३८)